जवस, सोयाबीन, कोबी आणि स्तनाचा कर्करोग : ताटातून काय मिळते, डब्यातून काय मिळत नाही



एरवी या पानावर आम्ही बेणे बदल, खोडवा, हुमणी, पाचट यांवर लिहितो. या अंकातला विषय वेगळा आहे आणि तो मुद्दाम घेतला आहे. गेले वर्षभर गटसभा आटोपली, चहा झाला, की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारते, "साहेब, ती पूड घेतली तर घरच्या बायांना छातीचा कॅन्सर होत नाही म्हणतात. खरं आहे का?" पूड म्हणजे जवस, हळद, सोयाबीन आणि शेवग्याचा पाला यांचा 'अर्क'. मोटारसायकलवरून माणसे येतात, डब्यावर बाईचे चित्र असते, आणि किंमत विचारली तर खताच्या दोन पोत्यांच्या वर जाते. ऊस बिल निघाल्यावर पैसे द्या, या बोलीवर काही गावांत हे डबे घरोघर पोचलेही आहेत.

आम्ही डॉक्टर नाही. आमची पदविका शेतीची. परंतु जवस, सोयाबीन, कोबी, हळद ही पिके आहेत, आणि पिकात काय असते, ते कशाने टिकते, कशाने जाते, हे सांगणे आमच्या कामात बसते. वैद्यकीय भाग जाणत्या डॉक्टरांना दाखवून घेतला आहे. तेव्हा हा लेख घरातल्या बायकांना वाचून दाखवावा, ही विनंती. वाचता येणाऱ्या बायकांनी तो स्वतःच वाचावा; पुरुषाने आधी वाचून मग ठरवावे, असा हा विषय नाही.

आजार किती आहे

भारतातल्या बायकांत आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हा स्तनाचाच आहे. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने झाल्याचा जागतिक नोंदीचा अंदाज आहे, आणि त्याच वर्षी सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. श्रीमंत देशांत नवे रोगी जास्त असतात, पण त्या मानाने मृत्यू बरेच कमी. आपल्याकडे रोगी कमी आणि मरणे जास्त, याचे मोठे कारण म्हणजे बाई दवाखान्यात उशिरा पोचते.

शहरातला हा आजार, आपल्याकडे कुठला, असे काही जण म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. बार्शी येथे १९८७ साली नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या मदतीने कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावच्या रोग्यांची नोंद तेथे होते. ग्रामीण भागाची देशातली ही पहिली नोंदणी. तिच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबई-पुण्याच्या मानाने बरेच कमी दिसत आले आहे. लवकर लग्न, जास्त बाळंतपणे, अंगावरचे दूध दीड-दोन वर्षे, दिवसभर अंगमेहनत आणि अंगावर न साठलेली चरबी, ही त्याची मुख्य कारणे मानतात. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात असे दिसले की बाईने एकूण जितके महिने बाळाला अंगावर पाजले असेल, त्यातल्या दर १२ महिन्यांमागे तिचा धोका ४ टक्क्यांहून थोडा अधिक कमी होतो. आता गावातही मुले कमी झाली, मोट गेली, जाते गेले, बैठे काम वाढले. जास्त मुले व्हावीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण जुनी ढाल पातळ झाली आहे, एवढे लक्षात ठेवावे.

वनस्पतीतली द्रव्ये म्हणजे काय

झाडाला पाय नसतात. कीड आली, बुरशी आली, ऊन वाढले तर ते जागचे हलू शकत नाही. म्हणून ते आपल्या अंगातच तिखट, कडू, तुरट, रंगीत अशी नाना द्रव्ये तयार करते. मुळ्याचा झणका, मेथीचा कडूपणा, हळदीचा पिवळा रंग, गाजराचा केशरी, ही सगळी त्याचीच रूपे. ही अन्नद्रव्ये नव्हेत. यांच्यावाचून माणूस मरत नाही. पण आपल्या शरीरात गेल्यावर ती काही ना काही काम करतात, आणि त्यातले काही काम कर्करोगाच्या विरुद्ध जाते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. येथपर्यंत डबेवाला खरे बोलतो. पुढची गोम समजून घ्यावी लागते.

स्तनाच्या पुष्कळशा कर्करोगांची वाढ इस्ट्रोजेन नावाच्या स्त्रीच्या संप्रेरकावर होते. पेशीवर जणू कुलूप असते, इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. किल्ली फिरली की पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात; त्यांची घडण या किल्लीसारखीच, पण दाते झिजलेले. ती कुलपात बसते, पण फिरते कमी, आणि खऱ्या किल्लीची जागा अडवते. ही झाली सोयाबीनची कल्पना. जवसात लिग्नॅन असतात. ते आतड्यातले जिवाणू पचवून त्यांचे दुसरे द्रव्य बनवतात, तेही अशीच जागा अडवते. कोंडा आणि चोथा यांचे काम वेगळे. शरीराने आतड्यात टाकून दिलेले इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषले जाते. चोथा जास्त असला तर त्यातले काही बाहेर पडते, असे मानतात.

कल्पना चांगली आहे. पण कल्पना आणि उतारा यांत किती अंतर असते, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? नव्या वाणाचे पाडेगावच्या प्रक्षेत्रावरचे टनेज आणि आपल्या चोपण जमिनीतले टनेज एकच येते का?

चाचणी प्लॉट आणि गावगप्पा

एक उदाहरण देतो. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याचा ऊस बहुधा चांगला असतो. म्हणून ट्रॅक्टर दारात उभा केल्याने ऊस वाढतो असे होत नाही. त्याच्याकडे पाणी असते, पैसा असतो, खत वेळेवर पडते. तसेच, भाज्या भरपूर खाणाऱ्या बाईला कर्करोग कमी झाला, तर ते भाजीमुळेच झाले असे लगेच म्हणता येत नाही. ती चालत असेल, दारू पीत नसेल, सडपातळ असेल. म्हणून शास्त्रज्ञ आपल्यासारखाच चाचणी प्लॉट घेतात. एकाच रानाचे दोन तुकडे, चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, एकात नवे खत, दुसऱ्यात नेहमीचे, बाकी सगळे सारखे.

असा प्लॉट अमेरिकेत घेतला गेला. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन उपचार पूर्ण झाले अशा ३,०८८ बायका. निम्म्यांना दररोज पाच वेळा भाजी, वर भाजीचा रस, तीन वेळा फळ, चोथा भरपूर, तेल-तूप कमी. उरलेल्या निम्म्यांना साधा सल्ला. सात वर्षांच्या वर लक्ष ठेवले. २००७ साली निकाल आला : रोग उलटण्याचे प्रमाण एकीकडे १६.७ टक्के, दुसरीकडे १६.९ टक्के. म्हणजे फरक नाही. नुसती जास्त भाजी कोंबून एकदा झालेला रोग अडत नाही, हे या प्लॉटने दाखवले.

पण तेथेच थांबू नये. त्याच देशात पाळी गेलेल्या ४८,८३५ निरोगी बायकांवर दुसरी चाचणी झाली. एका गटाला चरबी कमी करायला आणि भाजी, फळे, धान्य वाढवायला साडेआठ वर्षे शिकवले. २००६ साली पाहिले तर रोग होण्यात खात्रीने सांगण्याजोगा फरक नव्हता. मात्र जवळजवळ वीस वर्षांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा आहार बदललेल्या गटात या कर्करोगाने मरणाऱ्या बायका २१ टक्क्यांनी कमी निघाल्या. चरबी कमी केल्याने की भाजी-धान्य वाढवल्याने, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. आमचे मत असे, की आहार हा शेणखतासारखा आहे. एका पाण्यात गुण दिसत नाही. वर्षानुवर्षे पडत राहिले तर जमीन बदलते.

एकेक पीक

सोयाबीन. चीनमधल्या शांघाय शहरात हजारो बायकांचा माग काढण्यात आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी वयात येताना आणि तरुणपणी सोयाबीनचे पदार्थ नेमाने खाल्ले, त्यांना पाळी जाण्यापूर्वीचा स्तनाचा कर्करोग कमी झाला. त्याच वर्षी, रोग होऊन गेलेल्या ५,०४२ बायकांचा दुसरा अहवाल आला. 'सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे द्रव्य आहे, रोग भडकेल' अशी जी भीती होती, ती खोटी ठरली. उलट सोयाबीन खाणाऱ्यांत रोग उलटणे आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. हे अन्नाबद्दल आहे, गोळीबद्दल नाही. शिवाय हा चाचणी प्लॉट नव्हे, नोंदी ठेवून काढलेला निष्कर्ष आहे. तरी मुलींच्या ताटात सोयाबीन लवकर यावे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आपण सोयाबीन पिकवतो आणि बाजारात घालतो. घरात येते ते तेल. पण शुद्ध केलेल्या तेलात ही द्रव्ये जवळजवळ नसतात, ती पेंडेत राहतात. म्हणजे रस दुसऱ्याला आणि चिपाड आपल्याला, याच्या उलट झाले : गुण म्हशीला आणि आपल्याला फक्त फोडणी! दाणे भिजवून, चांगले शिजवून उसळ करावी, किंवा भाजून दळणात घालावेत. नऊ भाग ज्वारी-गव्हाला एक भाग सोयाबीन पुरे. भाकरीची चव बिघडत नाही. कच्चे दळू नये, कच्च्या दाण्यातली काही द्रव्ये पचनात आडवी येतात. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईने गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

जवस. हे खरे आपले. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या भागांत जवसाची चटणी भाकरीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या आहे. कॅनडात टोरांटो येथे एक लहानशी पण नेमकी चाचणी झाली. रोगाचे निदान झालेल्या बत्तीस बायकांपैकी काहींना शस्त्रक्रियेपर्यंतच्या काही आठवड्यांत दररोज २५ ग्रॅम जवस घातलेला पाव दिला, बाकीच्यांना साधा पाव. शस्त्रक्रियेत गाठ काढून तपासली, तर जवस खाणाऱ्यांच्या गाठीत पेशी वाढण्याच्या वेगाची खूण सुमारे एक तृतीयांशाने उतरलेली होती. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. बत्तीस बायका म्हणजे गुंठाभर प्लॉट. त्यावरून एकरी उतारा सांगू नये. पण निदान दिशा बरोबर आहे.

जवसाचे तीन नियम ध्यानात ठेवा. अख्खा जवस जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून भाजून कुटूनच खावा. जवसाच्या तेलात लिग्नॅन नसतात, ते दाण्याच्या सालीत असतात. आणि कुटलेला जवस लवकर खवट होतो, तेव्हा आठवड्यापुरताच कुटावा. ताकद यावी म्हणून वाटीवाटीने खाऊ नये. दोन चमचे चटणी आणि वर पाणी भरपूर. कर्करोगाची संप्रेरकाची गोळी चालू असलेल्या बाईने डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, नवलकोल ही एकाच कुळातली. यांच्या पेशीत एक द्रव्य आणि एक पाचक वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चिरले, चावले, की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि तिखट झणका तयार होतो. तो झणका म्हणजेच औषधी भाग. १९९२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातल्या ब्रोकोलीतून सल्फोराफेन हे द्रव्य वेगळे काढले. शरीरातले घातक पदार्थ निकामी करणारी यंत्रणा ते जागी करते. आपण काय करतो? कोबी अख्ख्या उकळत्या पाण्यात टाकतो, पाचक मरून जाते, पाणी ओतून देतो. त्यापेक्षा बारीक चिरून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी, मग झाकण ठेवून थोडक्यात वाफवावी. मुळ्याची कोशिंबीर तर कच्चीच असते, ती उत्तम.

पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. यांच्यात कॅरोटिनॉइड असतात. आठ मोठ्या अभ्यासांतल्या रक्ताच्या नमुन्यांचा हिशेब २०१२ साली एकत्र झाला. ज्यांच्या रक्तात ही द्रव्ये जास्त, त्यांना स्तनाचा कर्करोग कमी. विशेष म्हणजे इस्ट्रोजेनवर न वाढणाऱ्या, म्हणजे उपचाराला जास्त अवघड अशा प्रकारात हा फरक अधिक दिसला. चमचाभर तेलाच्या फोडणीने ही द्रव्ये अंगी लागतात. नुसती उकडून खाण्यात शहाणपण नाही.

ज्वारी, बाजरी, सालीच्या डाळी, मटकी-हुलगा. अमेरिकेतल्या ९० हजार परिचारिकांच्या अभ्यासात (२०१६) तरुणपणी चोथा जास्त खाणाऱ्यांना पुढे हा रोग सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. ऊस आला, पैसा आला, आणि ज्वारीचे रान गेले. भाकरी जाऊन मैद्याची बिस्किटे आणि टोस्ट आले. आम्ही ऊस विकास अधिकारी असून हे लिहितो याचे कोणाला नवल वाटेल, पण घरापुरती दहा गुंठे ज्वारी ठेवा असे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो.

हळद. हळदीत सुमारे तीन टक्के करक्युमिन असते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ते कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे आहे. पण बशी वेगळी आणि पोट वेगळे. पोटातून ते रक्तात फारच थोडे जाते. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली दाखवले गेले की मिऱ्यातल्या द्रव्याबरोबर दिले तर ते वीसपट शोषले जाते. झाले, डबेवाल्यांनी हळद आणि मिऱ्याचा कडक अर्क भरून गोळ्या काढल्या. गेल्या काही वर्षांत अमेरिका आणि इटली येथे अशा गोळ्या घेणाऱ्या काही लोकांचे यकृत बिघडल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. आमटीतली हळद कोणाला बाधलेली नाही. सांगलीच्या पेठेतली हळद आमटीतच शोभते.

अर्क काढला की काय होते

या ठिकाणी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाजर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसल्यावर गाजरातले बीटा-कॅरोटीन काढून त्याच्या गोळ्या केल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ विडीकाडी ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल लागला : गोळी घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला! अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी २८ टक्के वाढ दिसल्यावर जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. जे गाजरात चांगले, ते गोळीत घातक ठरले. नत्राचा एक हप्ता उसाला मानवतो. चार हप्ते एकदम बुंध्याशी ओतले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मग वनस्पतीपासून औषध होतच नाही का? होते. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत काम करीत. त्यांनी आणि मनरो वॉल यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे काढून १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडली. १९९४ पासून ते स्तनाच्या कर्करोगावर अमेरिकेत मंजूर आहे; आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही ते शिरेतून देतात. पण ते वजनावर, पृष्ठभागाच्या मापावर, रक्त तपासून, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. त्या झाडाचा पाला कोणी चघळला तर विषबाधा होते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनही कर्करोगाची औषधे निघाली आहेत, आणि म्हणूनच सदाफुलीची पाने-फुले खाणे धोक्याचे आहे. कोणी सांगितले म्हणून खाऊ नका.

साखरेबद्दलही विचारतात, आणि आमच्याकडून उत्तर ऐकताना हसतात. आम्ही साखरेच्या धंद्यातले, तरी सरळ सांगतो. साखरेने थेट स्तनाचा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु पाळी गेल्यानंतर अंगावर चढलेली चरबी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते आणि धोका वाढवते, हे पक्के आहे. दिवसाला सहा-सात कप गोड चहा त्या चरबीत भर घालतो. आणि मळीपासून आसवनीत जे निघते, ते पिण्यात गेले तर थोड्या मात्रेतही हा धोका वाढतो. आपल्या घरांत बायका सहसा पीत नाहीत, तेव्हा अधिक लिहीत नाही.

उसात भाजी

आता आमचे मूळ काम. पैसे देऊन भाजी आणायची म्हटली की आठवड्याच्या बाजाराला एकदाच येते आणि चौथ्या दिवशी संपते. रानात असली तर रोज येते. जोडओळ पद्धतीत अडीच फुटी जोडीमागे जो पाच फुटी पट्टा सुटतो, तो पहिले तीन-साडेतीन महिने मोकळाच असतो. आडसालीत त्यात सोयाबीन किंवा भुईमूग. पूर्वहंगामीत कोबी, फुलकोबी, मुळा, मेथी, कांदा, हरभरा. सुरूत मूग, मेथी, कोथिंबीर बसते. कोबी लागणीपासून अडीच-तीन महिन्यांत निघते, म्हणजे मोठ्या बांधणीच्या आत रान रिकामे होते. आंतरपिकाला त्याचे खत वेगळे द्यावे. उसाच्या ताटातले काढून देऊ नये. मका आणि सूर्यफूल घेऊ नका, उसावर सावली पडते. जवस रब्बीचा आहे. हरभऱ्याच्या कडेने चार ओळी टाकल्या तरी घराची वर्षाची चटणी होते.

औषधाबद्दल मात्र कडक राहा. आंतरपीक असलेल्या उसात २,४-डी मारता येत नाही, ते रुंद पानांचे सगळे मारते. आणि जेथे तणनाशक मारले आहे त्या रानातून आणि त्याच्या बांधावरून घोळ, तांदुळजा, पाथरी, चिवळ खुडून आणू नये. या भाज्या गुणाच्या आहेत, पण तुमच्या घरच्या बाईला फवारणी कधी झाली हे सांगितलेले असते का? फवारणी करणाऱ्याने त्या संध्याकाळीच घरी सांगावे. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग पडतो म्हणून लोक दर आठवड्याला फवारतात. त्याऐवजी कडेने मोहरीच्या ओळी लावा, कीड आधी तिकडे जाते. घरच्या ओळी वेगळ्या ठेवून निंबोळी अर्कावर भागवा.

गाठ लागली तर

एवढे सगळे खाऊनही हा रोग होऊ शकतो. शंभरातल्या पाच ते दहा रोग्यांत तो आईबापांकडून आलेल्या दोषामुळे होतो. तेथे ताटाचा फारसा उपाय नाही. तेव्हा ताट हे पहिले काम, तपासणी हे दुसरे, आणि दुसरे चुकले तर पहिल्याने भरून येत नाही.

आमच्याच कार्यक्षेत्रातल्या एका घरी बाईला आवळ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. हळदीचा लेप, काढा आणि वर ती पूड, असे आठ महिने गेले. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी घरच्यांची समजूत. खरे तर कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दवाखान्यात गेली तेव्हा काखेतही गाठी होत्या. उपचार चालू आहेत. त्या आठ महिन्यांची भरपाई कोणती पूड करणार?

गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलेली बोंडी, त्यातून येणारे रक्त, काखेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर आठवडाभरात दाखवावे. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते हाताने नव्हे, तपासणीनेच ठरते.

तपासणीला मोठे यंत्रच लागते असेही नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे एक चाचणी केली. वस्त्यांमधल्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका, वय ३५ ते ६४. निम्म्यांची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निकाल जाहीर झाला : रोग लवकरच्या पायरीवर सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी गाठ लागली तर वय न बघता जावे. तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करण्याचा कार्यक्रम आहे. रोग निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवावे. आणि उपचार चालू असताना काढा, पूड, गोळी जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगावे, लपवू नये. काही द्रव्ये औषधाचा परिणाम बिघडवतात.

शेतकी खात्यातर्फे या वर्षी लागणीच्या नोंदीबरोबर परसबागेचे बियाणे पाकीट ठेवले आहे : मेथी, मुळा, पालक, लाल भोपळा, गवार आणि पाव किलो जवस. कोबीची रोपे रोपवाटिकेत मिळतील. मागणी गट कार्यालयात नोंदवावी. तालुक्याच्या आरोग्य खात्याशी बोलून प्रत्येक गटात तपासणीचा एक दिवस ठरवीत आहोत. तारखा गट कार्यालयाच्या फळ्यावर लागतील. तपासणी परिचारिकाच करतील, खोली बंद असेल. तोडणीच्या टोळ्यांतल्या बायकांसाठी वेगळा दिवस तळावरच ठेवला आहे, त्यांची मजुरी बुडू नये म्हणून संध्याकाळी. नाव नोंदवायला बाईने स्वतः यावे किंवा निरोप पाठवावा. सभासदाची सही लागत नाही.